जुनी स्पोर्ट्स कार आणि लांबचा पल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९९१ ची माझ्दा एमएक्स-५ आहे, १.६ इंजिन, पाच गिअर. घेऊन दोन वर्षं झाली, मीटरवर ९८ हजार किलोमीटर आहेत. आत्तापर्यंत सुट्टीच्या दिवशी सकाळी तासभर चक्कर मारायची एवढंच. आता दीड महिन्याने मी आणि मिसेस तीन हजार किलोमीटरच्या ट्रिपला निघतोय. मेकॅनिक म्हणतो गाडी एकदम ओके आहे, ऑइल बदला आणि बिनधास्त जा. मित्र म्हणतो एवढं लांब जातोयस तर कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) टाक, गाडी खाली घे, मोठा रेडिएटर बसव. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको.

मित्राचं आधी उरकू. गाडी खाली घेतली की सस्पेन्शनचा प्रवास कमी होतो, त्यात तुम्ही दोघं आणि डिकीभर सामान, म्हणजे पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी बंपस्टॉपवर (सस्पेन्शन संपतं तिथला रबरी अडसर) आपटणार आणि पुढचे तीन हजार किलोमीटर तुमची कंबर मित्राची आठवण काढणार. हौस असेल तर ट्रिपवरून आल्यावर करा, मी अडवणार नाही.

मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, पण त्याने बघितलेली गाडी तासभर चालणारी आहे. तासाभरात काही पार्ट जेमतेम गरम होतात तोवर तुम्ही घरी. सलग सहा तास, उन्हात, मोठ्या घाटात, मग ट्रॅफिकमध्ये रांगत, हे त्या गाडीने कित्येक वर्षांत केलेलं नाही, आणि तिथेच घोडं पेंड खातं. ९८ हजार हा आकडा डोक्यातून काढून टाका. रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याचं नुसतं वय होतं, आणि तुमच्या गाडीने तिशी ओलांडली आहे. म्हणून प्रत्येक होज, बेल्ट, सील, टायर यांच्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा, हे कधी बदललंय? बिल दाखवता आलं नाही तर बदललेलं नाही असंच धरायचं.

पहिलं टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनमधले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा. कंपनीचा हिशोब साधारण ६०,००० मैल, म्हणजे ९६ हजार किलोमीटरच्या आसपास. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत एवढं नशीब, पण गाडी जागीच बंद पडते. आणि पुढचा भाग उघडलाच आहे तर वॉटर पंप पण बदला, कारण तो काढायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो, दोनदा मजुरी कशाला. क्रँकचं (पिस्टन फिरवतात तो दांडा) पुढचं सील आणि कॅमची (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) सील तिथेच आहेत, ती पण घ्या उरकून.

हे काम चालू असताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा. सुरुवातीच्या १.६ इंजिनांमध्ये, साधारण १९९१ पर्यंत, क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं आणि पुली ज्या खाचेत बसते ती खाच काही गाड्यांत झिजते. क्रँक पुलीच्या मधल्या भागावर ४ खाचा दिसल्या तर आखूड टोकाचं इंजिन, ८ दिसल्या तर नंतरचं. आखूड असलं म्हणून घाबरायचं नाही, तशी हजारो इंजिनं अजून मजेत चालतायत, पण आयडलिंगला पुली डुलताना दिसली तर ट्रिप पुढे ढकला. आणि तो बोल्ट नीट टॉर्क रेंचनेच (किती जोर लावला ते मोजणारा पाना) आवळून घ्या, अंदाजाने नाही.

मग कूलिंग. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी नवी असताना काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी हिरवट व्हायला लागते. तशी दिसली तर दुरुस्ती वगैरे नको, सरळ नवा रेडिएटर, ओरिजिनलच्याच मापाचा. वरचा खालचा होज सगळेच बदलतात, पण इंजिनच्या मागे फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हीटरचे होज असतात तिथे हात जात नाही म्हणून ते वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि नेमके तेच फुटतात, म्हणून ते बदलून झाले का हे नाव घेऊन विचारा. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कॅप पण घ्या, स्वस्तात होतं. कॅप जुनी झाली की प्रेशर धरत नाही आणि प्रेशर नसलं की कूलंट लवकर उकळतं. कूलंट अर्धं पाणी अर्धं अँटीफ्रीझ, पाणी डिस्टिल्ड, आणि सिस्टीममधली हवा पूर्ण काढून घ्या. रस्त्यात काटा वर चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. घाम निघेल पण इंजिन वाचेल, आणि तरीही काटा उतरला नाही तर थांबायचं, पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही.

क्लच. या गाडीचा हमखास दगा देणारा पार्ट म्हणजे क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, पेडलचा दाब ऑइलमधून घेऊन क्लच सोडवणारा. आज पेडल ठीक, उद्या सकाळी पेडल खाली आणि गिअर पडत नाही. त्याचं रबरी बूट जरा मागे सारून बघा, आत ओलं दिसलं तर तो गेलाच. मी तर म्हणेन ओलं नसलं तरी मास्टर (पेडलकडचा सिलिंडर), स्लेव्ह आणि मधला होज असा तिन्हीचा सेट टाका, कारण एक नवा टाकला की दुसरा जुना पुढच्या काही महिन्यांत बोंबलतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की तोच आकडा १५५ वर येतो. रविवारच्या चकरेत तुम्हाला हे कळणारच नाही, लांब उतारावर कळेल, आणि तेव्हा पेडल स्पंजसारखं खाली जाईल. सगळं ऑइल बदला. मागचे कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारे भाग) अर्धवट जाम होतात, हँडब्रेक पण त्यांच्यावरच असतो ना. त्याची टेस्ट सोपी, वीसेक किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा आणि उतरून चारही चाकांजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय.

टायर. नक्षी बघू नका, तारीख बघा. साइडवॉलवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजून नाही, कडक होऊन मरतात. स्टेपनीचाही कोड बघा, ती कधी कधी गाडीइतकीच जुनी निघते. आणि या गाडीचं कंपनीने दिलेलं प्रेशर २६ पीएसआय आहे, हवा भरणारे सवयीने ३२ भरून देतात आणि मग गाडी उड्या मारते म्हणून आपण शॉकॲब्सॉर्बरला शिव्या घालतो.

बॅटरी डिकीत आहे हे विसरू नका. ओरिजिनल बॅटरी सीलबंद प्रकारची, आणि तिचा गॅस बाहेर काढायला बारीक नळ्या. आधीच्या मालकाने तिथे साधी ॲसिडची बॅटरी ठेवली असेल आणि नळ्या जोडल्याच नसतील तर गॅस तुमच्या डिकीत, बॅगांवर, आणि आजूबाजूचा पत्रा गंजणार. कापडी छताचं पाणी सीटच्या मागच्या कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जातं, ती कचऱ्याने तुंबली की पाणी आत साठतं आणि दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या (सिल) सडतात. मऊ ब्रशने किंवा जाड प्लॅस्टिकच्या दोरीने साफ करा, मग तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतंय ना बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक ऐकत नाहीत. हे सगळं काम पहिल्या तीन आठवड्यांत संपवायचं. नवा पार्ट पण खराब निघतो, क्लिप ढिली राहते, कोणीतरी बोल्ट आवळायचा विसरतो, आणि हे सगळं पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये बाहेर येतं. ते पाचशे घराजवळ करा. एक दिवस तीन चार तास सलग, सामानासकट, एसी लावून. रात्री पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी त्यावर डाग कुठे पडलाय बघा. शेवटच्या आठवड्यात पाना हातात घ्यायचा नाही. निघायच्या आदल्या रात्री प्लग बदलणारा माणूस मला माहितीये, त्याच्याबद्दल परत कधीतरी.

प्रश्न : पोर्शे ९४४, १९८६. टायमिंग बेल्ट पाच वर्षांपूर्वी बदललाय पण गाडी तेव्हापासून जेमतेम आठ हजार चाललीय. लांब जाण्याआधी परत बदलायची गरज आहे का? खर्च बराच आहे.

उत्तर : बदला. इथे एमएक्स-५ सारखी सूट नाही, या इंजिनात बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि मग जो खर्च येतो त्यापुढे आत्ताचा काहीच नाही. आणि बेल्ट एक नाही दोन आहेत, दुसरा बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणारे दांडे), आणि तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तर परिणाम तोच. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टच फिरवतो, त्यामुळे पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्टही जातो, म्हणजे पंप आणि बेल्टचे रोलर सकट पूर्ण काम. बेल्टचा ताण ज्याला या गाडीचा अनुभव आहे अशाच माणसाकडून सेट करून घ्या, फार घट्ट पण वाईट आणि ढिला पण वाईट, आणि थोडे किलोमीटर झाल्यावर परत तपासून घ्या. म्हणून म्हणतो हे काम ट्रिपच्या तोंडावर ठेवू नका.

एक छोटी गोष्ट, डीएमई रिले. फ्यूजच्या बाजूला असतो, इंजिनचा कॉम्प्युटर आणि पेट्रोल पंप दोघांना करंट त्यातूनच जातो. आतला सोल्डर वयाने तडकतो आणि चालती गाडी काही न सांगता बंद पडते, थंड झाली की परत चालू, लोक महिनोन्महिने दुसरीकडेच दोष शोधत बसतात. नवा रिले लावा आणि एक जास्तीचा ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा, दोन मिनिटांत हाताने बदलता येतो. आणि बॉनेट उघडलंच आहे तर पेट्रोलचे होज बघा, भेगा दिसल्या किंवा वास आला तर गाडी तिथेच उभी ठेवायची, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नाही.

प्रश्न : वडिलांची १९६९ ची एमजीबी मी चालवतो. आजच्या पेट्रोलवर एवढी जुनी गाडी लांब चालेल का? आणि बरोबर कुठले पार्ट ठेवू? सगळी डिकी पार्टनीच भरेल असं वाटतंय.

उत्तर : चालेल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडतं किंवा तडकतं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे रबरी होज इथेनॉलला चालणारे टाका. दुसरं शिसं. त्या काळचं इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं, हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) बसवून घेतल्या असतील तर प्रश्नच नाही, नसतील तर लांब वेळ जोरात चालवल्यावर सीट झिजतात, मग टाकीत ॲडिटिव्ह घाला आणि गाडी दामटवू नका. निघायच्या आधी आणि परत आल्यावर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) मोजलात तर झीज होतेय का ते आकड्यातच दिसेल. या गाडीच्या एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात, म्हणजे डॅशपॉटमध्ये, थोडं ऑइल लागतं, ते सगळे विसरतात आणि मग ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी अडखळते म्हणून तक्रार करतात.

पार्टचं म्हणाल तर नियम असा, ज्याने गाडी जागेवर थांबते आणि जे रस्त्याच्या कडेला बदलता येतं तेवढंच घ्या. पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म, डिस्ट्रिब्युटर कॅप (हे चारही ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचे), फॅन बेल्ट, एक वरचा होज, दोन चार क्लिप, फ्यूज, थोडी वायर, हे सगळं एका डब्यात मावतं. रोटर आर्म चांगल्या कंपनीचा बघून घ्या, स्वस्तातले आतून शॉर्ट होतात. गिअरबॉक्सचे पार्ट, हाफ शाफ्ट वगैरे घेऊन फिरणारे लोक आहेत, त्यांना फिरू द्या. पेट्रोल पंप जुन्या पॉइंटवाल्या (आत विजेचे संपर्क उघडझाप करणाऱ्या) पद्धतीचा असेल तर पॉइंट चिकटतात, टिकटिक थांबली तर मागच्या चाकाजवळ खाली वाकून पान्याच्या दांड्याने हलकं ठोका, बहुतेक वेळा परत सुरू होतो. तो त्या दिवसापुरता उपाय, एकदा ठोकायला लागलात की नवा मागवा. आणि बॅटरीपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची जोडणी सँडपेपरने घासून स्वच्छ करून घ्या, या गाड्यांच्या इलेक्ट्रिकलला लोक नावं ठेवतात पण निम्मा त्रास गंजलेल्या अर्थिंगचा असतो.

प्रश्न : ट्रिपमध्ये रोज काय बघायचं? आणि बंद पडलीच तर?

उत्तर : सकाळी इंजिन थंड असताना ऑइल, कूलंट, टायरची हवा, आणि गाडी पुढे घेतल्यावर जमिनीवर एक नजर. कूलंटचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. जुनी इंजिनं सलग वेगात थोडं ऑइल खातात, म्हणून एक लिटर त्याच ग्रेडचं बरोबर ठेवा.

बंद पडायची तयारी घरीच करा. टोइंगच्या बऱ्याच स्कीममध्ये गाडीच्या वयाची अट असते, ती कागदावर वाचून घ्या. फोन करताना गाडी बुटकी आहे, फ्लॅटबेडच पाठवा असं आधीच सांगा, नाहीतर हुकवाला येतो आणि पुढचा बंपर त्याच्याबरोबर जातो. टो हुक कुठे लावायचा हे निघायच्या आधी एकदा लावून बघा.