आधी माळा, मग होकायंत्र

अगं, बडोद्यात दांडिया बाजारात नवं घर लागलंय ना, तिथं फेंगशुई, म्हणजे चिनी वास्तुशास्त्र, करायचं तर आधी माळा रिकामा कर. पारंपरिक फेंगशुईचं लुओपान होकायंत्र 24 दिशांचं, प्रत्येक दिशा 15 अंशांची. मी पहिलं माप लोखंडी कपाटाला खेटून घेतलं आणि सुई भलतीकडेच! आठवडाभर पलंग फिरवत बसले, सासूबाई पदराआड हसत होत्या. दारावरून बागुआ, म्हणजे घराच्या भागांना अर्थ देणारा नकाशा, मांडायची सोपी रीत 20व्या शतकात अमेरिकेत रुजली. दोन्हींची खिचडी करू नकोस. स्पेस क्लिअरिंग म्हणजे अडगळ काढणं, कोपऱ्यांत टाळ्या, घंटा. आपण तिन्हीसांजेला धूप फिरवतो, तसंच काहीसं. तुला इथूनच सुरुवात बरी. आणि मंगळ बाजारातून पैसा यावा म्हणून ठेवतात तो फेंगशुईचा तीन पायांचा बेडूक इतक्यात आणू नकोस, पुसायला आणखी एक वस्तू!