शूटिंगला कंदील एक नको, चार ने

आकाशकंदील करून दाखवायला दूरदर्शनचं बोलावणं आलं, अभिनंदन गं! वरळीच्या केंद्रात वेळेआधी पोच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंदील चार ने: एकाच्या नुसत्या कापलेल्या पट्ट्या, एक अर्धवट, एक चिकटवून सुकलेला, एक पूर्ण. फेव्हिकॉल सुकेपर्यंत शूटिंग थांबवत नाहीत. प्रत्येक टप्पा वेगळ्या ताटात, वर झाकण. माझ्या पट्ट्या एकदा पंख्याने उडाल्या, रडूच आलं होतं. बारीक रेघांची साडी नको, पडद्यावर रेघा लहरतात. काचेच्या बांगड्याही काढून ठेव, पदराला लावलेल्या माइकमध्ये त्यांचा आवाज येतो. कॅमेरा तुझ्या बोटांवर असणार, तळहात कामाच्या आड येऊ देऊ नकोस. याचा सराव घरी मोबाइल लावून कर, आणि बोलताना हात चालू ठेव.