चार्ज : एक शब्द, किती भार?

प्रश्न : 'चार्ज'ला मराठीत एकच प्रतिशब्द का नाही? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मुळात हा गाडीवर माल लादण्याचा शब्द, लॅटिन 'कारुस' म्हणजे गाडी. पुढे जे जे लादलं, ते चार्ज झालं. वीजबिलात 'आकार', न्यायालयात 'आरोप', कचेरीत 'पदभार', भौतिकशास्त्रात 'विद्युतभार'. शेवटच्या दोन्हींत मराठीनेही 'भार'च ठेवला, हे झकास! लाठीचार्जमधला चार्ज मात्र चढाईचा, म्हणून 'लाठीमार'.

घोटाळा होतो तो सोबतच्या शब्दांमुळे. 'चार्ज फॉर' म्हणजे पैसे आकारणं, 'चार्ज विथ' म्हणजे आरोप ठेवणं. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळणारा. मध्ये 'द' शिरला की तोच सांभाळला जाणारा होतो. मोबाइल तेवढा चार्जच करा, 'प्रभारित' करू नका.