नागपूरच्या उन्हाळ्यात जुने स्वयंचलित स्विस घड्याळ कसे जपावे?

पारा 45 अंशांवर गेला, तरी मनगटावरील घड्याळाला त्याची फारशी बाधा होत नाही. खरा धोका उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर असतो, जिथे वंगण पातळ होऊन सरकते आणि पाणी अडवणारी रबरी गॅस्केट लवकर कडक पडते. कूलरच्या दमट झोतासमोरही ते ठेवू नये, कारण ओल आत शिरली की डायलवर डाग पडतात. असे डाग पडलेच, तर डायल पुन्हा रंगवू नये, असे माझे ठाम मत आहे. मूळ डायललाच संग्राहक अधिक मोल देतात. घड्याळ अचानक बरेच पुढे पळू लागले, तर केसासारखी बारीक स्प्रिंग बहुधा चुंबकित झालेली असते, आणि तो दोष सीताबर्डीतला जाणता घड्याळजी यंत्र न उघडताही काढू शकतो.