दागिने घडवण्याचे टेबल: थोडक्या खर्चात सुधारणा

प्रश्न : मी घरातील साध्या टेबलावर चांदीचे दागिने घडवते. करवतीने कापताना पत्रा थरथरतो, मान दुखून येते आणि चांदीचा कीस जमिनीवर सांडतो. फार खर्च न करता काय करता येईल?

उत्तर : प्रथम उंची सुधारावी. साधे टेबल सुमारे 75 सेंटिमीटर उंच असते, तर या कामासाठी बसल्यावर छातीपर्यंत येणारे, साधारण 90 सेंटिमीटरचे टेबल लागते. टेबलाच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घट्ट बसवले, की काम डोळ्यांजवळ येते आणि मान वाकवावी लागत नाही.

पत्रा थरथरतो तो आधाराअभावी. कठीण लाकडाच्या फळीला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडून ती टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी क्लॅम्पने आवळावी. करवतीच्या पात्याचे दात खालच्या दिशेने ठेवावेत, म्हणजे प्रत्येक ओढीबरोबर पत्रा फळीवर दाबला जातो. मात्र कापण्याची रेघ खाचेच्या टोकाजवळच असावी, कारण खाच रुंद होत जाते तिथे पत्रा पुन्हा थरथरू लागतो. हा एक बदल महागड्या अवजारांपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे.

किसासाठी टेबलाच्या कडेखाली गुळगुळीत कापडाची झोळी अडकवावी. डाख देताना, म्हणजे ज्योतीने धातूचे सांधे जोडताना, मात्र ती काढून ठेवावी आणि ते काम अग्निरोधक विटेवरच करावे.