एकाच पानावर किती तारा?

प्रश्न: १९४२ सालच्या पेपरांची कात्रणं वाचतेय. एका बातमीत "तारा तोडल्या", शेजारच्याच बातमीत "तारा केल्या", खाली "तारेवरून कळते" आणि मध्येमध्ये नुसतं "ता." असं येतं. हे सगळं एकच का? आणि ही तार दर दोन ओळींनी कशाला लागते?

उत्तर: एकच नाही, आणि तुम्ही नेमकं सगळ्यात गोंधळाचं साल उचललंय! सोपी युक्ती सांगतो, तार बघू नका, तिच्यापुढचं क्रियापद बघा. तारा तोडल्या, कापल्या, जोडल्या म्हणजे खांबावरची खरीखुरी धातूची तार, बेचाळीसच्या ऑगस्टनंतर चळवळीतली माणसं हेच करत होती, कारण तार तुटली की पोलिसांचा निरोप अडकला. तारा केल्या, पाठवल्या, आल्या म्हणजे टेलिग्राम. सभा झाली, ठराव झाला की त्याची तार व्हाइसरॉयला नाहीतर गव्हर्नरला जायचीच, शिवाय अभिनंदनाच्या तारा वेगळ्या, दुखवट्याच्या वेगळ्या, आणि त्या कोणाकोणाच्या आल्या त्या नावांनीच अर्धा कॉलम भरायचा (वाचायला महाकंटाळवाणं, पण कोण कोणाच्या बाजूला होतं ते त्यातूनच कळतं).

"तारेवरून कळते" ही तिसरी भानगड. इथे तार म्हणजे बातमी कुठून आली ते. आपल्याकडे सामान्य लोकांना तार वापरता यायला लागली १८५५ पासून, रॉयटर या विलायतेतल्या वृत्तसंस्थेने मुंबईत माणूस बसवला १८६६ मध्ये, आणि १८७० मध्ये समुद्राखालची केबल मुंबईपर्यंत पोचली, मग विलायतेची बातमी जी बोटीने यायला काही आठवडे लागायचे ती फार तर एकदोन दिवसांत यायला लागली. त्यामुळे "रॉयटरची तार" एवढं छापलं की वाचकाला कळायचं, बातमी परदेशातली आणि ताजी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ ला निघून १८४० ला बंद पडलं, तिथे ही असली तार शोधूच नका. १८८१ ला 'केसरी' निघाला तोवर मात्र ती रुळली होती.

पण ताजी म्हणजे खरी असं काही नाही हं. तारेला शब्दावर पैसे, पेपरवाल्यांना सवलतीचा दर असला तरी मजकूर आखडताच यायचा, तोही बहुतेक इंग्रजीत, आणि मग ऑफिसात बसलेला उपसंपादक त्या चार तुटक शब्दांचं मराठी करणार, मधल्या गाळलेल्या जागा अंदाजाने भरणार, अर्थ जरा इकडेतिकडे व्हायचाच. म्हणून माझ्या मते "तारेवरून कळते" ही निम्मी फुशारकी आणि निम्मी जबाबदारी झटकणं आहे. बातमी आमच्याकडे लवकर आली, पण चुकली तर दोष तारेचा!

आता "ता.". याचा तारेशी काडीचा संबंध नाही. "पुणे, ता. ४" म्हणजे तारीख ४. गावाच्या नावाआधी आलं, "ता. जुन्नर", तर तालुका. आणि शेवटी "ता. क." असेल तर ताजा कलम, म्हणजे मजकूर लिहून झाल्यावर सुचलेलं. ही गल्लत पुष्कळ जण करतात.

"बिनतारी" सापडलं तर तो वायरलेस. आणि कुठे "स्वारी तारेत होती" असं दिसलं तर टेलिग्राम शोधत बसू नका, तो माणूस प्यायलेला होता.

प्रश्न: मग छापण्यात ही तार बंद कधी झाली?

उत्तर: बातमीदारांनी ती कधीच सोडली होती, आधी टेलिप्रिंटर (दुसऱ्या गावाहून आलेला मजकूर आपोआप टाइप करणारं यंत्र) आले, ट्रंककॉल, म्हणजे परगावचे फोन, होतेच, मग फॅक्स आला. तारसेवा सरकारने बंद केली ती जुलै २०१३ मध्ये, आणि त्या आठवड्यात बऱ्याच वर्षांनी सगळ्या पेपरांत पुन्हा तारच तार होती.