अडीच वर्षांच्या मुलाला दोनच दात, तेही टोकदार. कॅल्शियम कमी असेल का?

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘उन्हाळ्यात सारखा ताप येतो, पण ते वेगळं.’ ते वेगळं नसेलही. मी डॉक्टर नाही. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, आणि आमचंही असंच सुरू झालं होतं.

वरचे दोनच दात, पेन्सिलीला टोक काढल्यासारखे. वर्षभर कॅल्शियमचं सिरप पाजलं. दुधाच्या दातांचे कोंब आईच्या पोटातच धरतात. जे धरलेच नाहीत ते औषधानं कुठून उगवणार? लहान मुलांच्या दंतवैद्य बाईंनी तोंड बघायच्या आधी विचारलं, ‘याला घाम येतो का?’ अकोल्याच्या मे महिन्यात पोराचा बनियन कोरडा ठणठणीत असायचा, आणि आम्हाला ते कौतुकाचं वाटायचं!

निदान निघालं हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी, तिन्हींची वाढ यात एकदम अडते. बहुतेकदा दोष एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकात असतो. डार्विननं १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिलंय: चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात, विरळ केस, उन्हाळ्यात हाल. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलांत ते उतरायचं. वाचून मी आरशापुढे गेले. माझा वरचा एक दात कधी आलाच नव्हता. वाहक बाईत, म्हणजे दोष अंगात असून तो मुलांकडे पुढे देणाऱ्या बाईत, कधीकधी एवढीच खूण असते. (सासूबाईंना हे सांगायला मला दोन महिने लागले.)

तुमच्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाही. पण तपासणी होईपर्यंत त्याला उन्हापासून जपा. घाम नसला की अंग तापतं, आणि त्या तापाला पॅरासिटामॉल लागू पडत नाही. ओला बनियन, गार पाण्याच्या घड्या, पंखा. तरी उतरला नाही तर थेट दवाखाना. आमचा शाळेत अजून पाण्याची फवारणीची बाटली नेतो.

दातांचं म्हणाल तर तीन-चार वर्षांच्या मुलालाही कवळी बसवतात. जबडा वाढेल तशी बदलावी लागते. आमची तिसरी चालू आहे. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात पक्का बसवलेला दात, सहसा वाढ पूर्ण झाल्यावरच, त्यामुळे कोणी आत्ताच घाई केली तर दुसरं मत घ्या. पहिली कवळी आठवडाभर कधी उशीखाली, कधी फ्रिजवर, एकदा तर कचऱ्याच्या डब्यात सापडली. मग एके दिवशी त्यानं भाकरी न कुस्करता मागितली.

डॉक्टरांकडे जाताना तापाच्या तारखा लिहून न्या, आणि तुमच्या माहेरच्या मामा-आजोबांच्या दातांची चौकशीही करून ठेवा.